एकवीस दिवसांची तणस

आमच्या घरी तणसीचा ढीग कोठ्याच्या छपराहून उंच असायचा. धानाची चुरणी संपली की आम्ही पोरं त्यावर चढून खाली घसरत यायचो आणि आजा काठी घेऊन मागं लागायचा. मारायचा नाही कधी, पण एक वाक्य ठरलेलं असायचं : "उतरा खाली! तुमच्या ताटावर कोनी पाय देऊन उभं रायलं तं चालंल का?" ढोराचं ताट पायानं तुडवायचं नाही, हा आमच्या घरचा पहिला संस्कार. भाताच्या ताटाला पाय लावायचा नाही, हे आम्ही त्यानंतर शिकलो.

तणस म्हणजे धान झोडून वा चुरून झाल्यावर उरतो तो पेंढा. मावळात त्याला भात्याण म्हणतात. आमच्या झाडीत तणसच. आणि झाडी म्हणजे वैनगंगेकाठचा, धानाचा, तलावांचा, मोहफुलांचा मुलूख. आमचं गाव सडक अर्जुनीच्या बाजूला. कलकत्त्याला जाणाऱ्या मोठ्या सडकेवरची म्हणून ही सडक अर्जुनी, आणि मोरगावाजवळची ती अर्जुनी मोरगाव. १ मे १९९९ पर्यंत आमच्या पत्त्यावर 'जिल्हा भंडारा' लिहिलेलं असायचं, मग गोंदिया झालं. आजाला ते पाहायला मिळालं नाही.

आजाच्या तणसीच्या रिती फार. धान बुडातून कापायचं, जमिनीला विळा घासून. रोजानं आलेल्या बायांपैकी कोणी वरून कापलं की तो बांधीत उतरून स्वतः दाखवायचा. "खालचा दांडा गोड असते, ढोर तेच आधी खाते," असं तो म्हणायचा. मला वाटायचं, तणस जास्त मिळावी म्हणून म्हातारा असं बोलतो. पुष्कळ वर्षांनी पशुखाद्यावरच्या एका पुस्तकात वाचलं की धानाच्या पानात वाळूसारखी सिलिका जास्त असते, दांड्यात कमी. म्हणून दांडा जास्त पचतो आणि चाऱ्यासाठी धान शक्य तितकं जमिनीलगत कापावं. इतर बहुतेक पिकांत पान बरं आणि दांडा कठीण, धानात उलटं. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आजाला अक्षरओळख सहीपुरती होती.

दुसरी रीत खळ्यावरची. मधोमध मेढ, तिच्याभोवती बैलांची पात. बैलांच्या खुराखाली तुडवलेली तणस मऊ पडायची, कापसासारखी नाही पण हाताला बोचायची नाही. पुढं दगडावर झोडणं आलं, मग मळणीचं यंत्र आलं. आजा म्हणायचा, यंत्राची तणस ढोराच्या जिभेला लागते. खरंखोटं मला सांगता येणार नाही. पण आमचे बैल चांद्या आणि मोऱ्या पातीखालची तणस गव्हाणीत एक काडी न ठेवता संपवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आजीचं काम निराळं. नुसती तणस ढोरापुढं टाकणं तिला कमीपणाचं वाटे. पहाटे ती तणसीवर मिठाचं पाणी शिंपडायची, वर लाखोळीचं कुटार पसरायची, आणि भाताची पेज उरली असेल तर तीही. धान कापायच्या आधीच बांधीत लाखोळी टाकायची पद्धत आमच्याकडं. धान कापलं की ओलीवर लाखोळी वाढते. तिची डाळ माणसांना, कुटार ढोरांना. आणि कोंडा! ढेकीवर धान कांडलं की कोंडा निघायचा, त्याच्या वासानं गाय दाव्याला हिसके द्यायची. मला ढेकीचा आवाज अर्धवट आठवतो. कदाचित तो माझा नसेल, मायनं इतक्यांदा सांगितला की माझा झाला. दोन बाया पायानं दाबतात, एक हातानं सारते, आणि सारणारीची बोटं वाचावीत म्हणून तिघी एका तालात बोलतात.

मग गोंदियाच्या गिरण्या आल्या. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून गोंदिया तांदळाची मोठी पेठ. राइस मिलचं गाव म्हणूनच लोक त्याला ओळखतात. गावोगावी हलर लागले तसा आजीच्या ढेकीला उंदरांनी घर केलं. हलरचा कोंडा भुशात मिसळून यायचा, ढोरं तो फुंकरून टाकायची. पुढं मोठ्या गिरण्यांत कोंडा चांगला निघू लागला, पण तो आमच्या कोठ्यात आलाच नाही. त्यात तेल असतं, म्हणून तो तेल काढायच्या कारखान्यात जातो. कोंडा फार दिवस टिकतही नाही, गिरणीतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत खवट होतो, त्यामुळं त्याची घाई असते. आमच्याच धानाचा कोंडा तेल काढून, पोत्यात भरून, पशुखाद्य म्हणून पैसे मोजून परत येतो. आजीनं हे ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी कधी कधी विचार करतो.

तणसीबद्दल घरात एवढी माया का, याचं उत्तर पणजीच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट मला आजीकडून मिळाली, आजीला तिच्या सासूकडून. म्हणजे तीन तोंडांतून आलेली. छप्पनचा दुष्काळ पडला, संवत १९५६ चा. इंग्रजी सालानं १८९९-१९००. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतानं एक दुष्काळ सोसला होता. लोक मोहफुलं आणि रानातले कंद खाऊन राहिले. ढोरांना काहीच नव्हतं. पणजीच्या सासऱ्यानं घराच्या छपरावरची, धुरानं काळी झालेली जुनी तणस काढून बैलांपुढं टाकली. बैलांनी ती खाल्ली. पोट भरलं, तरी बैल वाळतच गेले आणि जोडीतला एक चिखलणीआधी बसला तो उठलाच नाही. "पोट भरलं व माय, पन अंगी लागलं नाई," हे पणजीचं वाक्य आजी तिच्याच आवाजात म्हणायची. पोट भरणं आणि अंगी लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या घराला त्या बैलानं शिकवलं.

शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर तणसीत प्रथिनं ३-४ टक्केच असतात. गाईम्हशीच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे एक माठच. त्यात अब्जावधी सूक्ष्म जीव चारा आंबवत असतात आणि गाय जगते ती त्यांच्या जिवावर. चाऱ्यातली प्रथिनं ६-७ टक्क्यांच्या खाली गेली की आधी ते जीव उपाशी राहतात, मग गाय. शिवाय तणसीतला खाण्याजोगा भाग लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात आणि सिलिकेत कोंडलेला असतो. कोठीत धान्य आहे, पण कुलूप लागलेलं.

पहिलं कुलूप उघडलं ते आमच्यापासून फार दूर, आणि उपासमारीनंच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली तेव्हा तिथं जनावरांना दाणा मिळेना. अर्न्स्ट बेकमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं गव्हासारख्या पिकांचा पेंढा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, मग धुऊन जनावरांना द्यायची रीत बसवली. पेंढा मऊ होई, जास्त पचे. नॉर्वेत ती पुढं कितीतरी वर्षं चालली. आजी राखेच्या पाण्यात धोतरं उकळायची, तेव्हा जो क्षार मळ सोडवायचा त्याच जातीचा हा उपाय. पण सोडा महाग, हाताला जाळणारा, आणि धुवायला पाणी अतोनात. आपल्याकडं ते जमणारं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बांगलादेश, श्रीलंका आणि भारत या धानाच्या देशांत युरियावर काम सुरू झालं. १९८० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेनं नेदरलँड्सच्या मदतीनं पिकांच्या अवशेषांवर मोठा प्रकल्पच चालवला.

त्याच दशकात कधीतरी आमच्या गावात ढोरांचे डॉक्टर आले. साल मला नक्की आठवत नाही; माय म्हणते, तू चौथीत होतास आणि विहिरीवर नुकती मोटर बसली होती. संक्रांतीच्या पुढंमागं असावं, कारण तिळाचे लाडू त्यांच्यापुढं ठेवल्याचं मला आठवतं. सडपातळ, सायकलवर आलेले, पायजम्याला क्लिप लावलेले. त्यांनी बाला समजावलं, आणि बा तयार झाला. आजा ओसरीवरून नुसता पाहत होता.

कृती साधी होती. १०० किलो तणस. काट्यावर दहा पेंड्या तोलून त्यांनी बाकीच्यांचा अंदाज बांधला. ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पुरता विरघळवलेला. कोठ्यामागं खड्डा खणून तळाला युरियाच्याच रिकाम्या थैल्या शिवून अंथरल्या. तणसीचा थर पसरायचा, त्यावर झारीनं पाणी शिंपडायचं, पायानं दाबायचं, मग दुसरा थर. दाबायचं काम आम्हा पोरांकडं. वर्षभर ज्या तणसीवर पाय द्यायची बंदी, तिच्यावर त्या दिवशी आम्ही घरच्यांच्या सांगण्यावरून नाचलो. आजा उठून आत निघून गेला. वरून झाकायला प्लास्टिक पुरेना, तेव्हा आजीनं शेणमातीचा गिलावा करून सगळा ढिगारा लिंपून टाकला, भिंत सारवावी तसा. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे प्लास्टिकपेक्षा चांगलं झालं." हवा आत जाऊ द्यायची नाही आणि २१ दिवस हात लावायचा नाही, एवढंच पथ्य.

एकविसाव्या दिवशी गिलावा फोडला आणि असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी. अमोनिया. आजा नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "डाक्टरसायेब, हे तं मुताचा वास मारते! माह्या बैलाले मुतात भिजवलेली तनस चारू का मी?"

डॉक्टर हसले नाहीत, म्हणून मला ते अजून आठवतात. खाली बसले आणि म्हणाले, "आबाजी, तुम्ही बरोबर ओळखलं. बैलाच्या मुतात असते तेच हे. खळ्यावर पात फिरताना बैल मुतायचे, ती तणस ढोरं टाकून द्यायची का?"

आजा गप्प झाला. युरिया हे मुतातलंच द्रव्य; ओल्या तणसीत त्याचा अमोनिया होतो, तो अमोनिया काडीकाडीत शिरून लिग्निनची पकड सैल करतो आणि थोडा तिथंच मुरतो. पोटातले जीव त्यापासून स्वतःची प्रथिनं बनवतात. ३-४ टक्क्यांची तणस ७-८ टक्क्यांवर जाते. काही देशांत तर युरिया विकत घेण्याऐवजी गोमूत्रच शिंपडून हा प्रयोग केला गेला आहे. आजाला टक्के कळले नसतील, खळं कळलं.

तणस सोनेरीची तपकिरी झाली होती, हातात दमट आणि मऊ. तास-दीड तास उन्हावाऱ्यात पसरून वास जाऊ दिला. पहिल्या दिवशी चांद्यानं हुंगून मान फिरवली. दुसऱ्या दिवशी साध्या तणसीत मिसळून दिली, तेव्हा थोडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी गव्हाण चाटून काढली. आजा त्या दिवशी दोनदा कोठ्यात जाऊन आला. संध्याकाळी आजीनं आयते केले होते, तांदळाच्या पिठाचे, तव्यावर जाळी पडलेले, ते खाता खाता तो एवढंच म्हणाला, "खाल्ली गा." एका ढोराला दिवसाला पाचेक किलो धरली तर १०० किलोचा खड्डा वीस दिवस पुरतो, म्हणजे एक खड्डा खाऊन होईतो दुसरा जवळजवळ तयार. बानं तसे दोन खड्डे केले. उन्हाळ्यात, जेव्हा गावातल्या साऱ्या ढोरांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात, आमच्या जोडीचे पुठ्ठे भरलेले होते. आखरावर, गावची ढोरं जमायची तिथं, लोक थांबून पाहायचे.

मग हे गावानं का उचललं नाही, असं कोणी विचारतं तेव्हा लोक अडाणी होते हे उत्तर मी खोटं मानतो. एक तर तेव्हा रान उघडं होतं. ढोरकी सकाळी आखरावरून ढोरं न्यायचा आणि संध्याकाळी पोटं भरून आणायचा. तणस ही उन्हाळ्याची बेगमी होती. दुसरं, बायांचं काम. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं, साठ लिटर म्हणजे किती घागरी, हे ज्यानं घागर उचलली त्यालाच माहीत. तिसरं कारण आमच्या घरात घडलं, आणि ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी खड्डा भरताना युरियाचं पाणी केलेली एक बादली कडुलिंबाखाली राहिली. आमची कपली गाय सुटी होती. तहानेली असणार. तिनं ती बादली पिऊन टाकली. थोड्याच वेळात ती थरथरायला लागली, पोट फुगलं, तोंडाला फेस. बा सायकलीवर डॉक्टरांकडं गेला, ते दुसऱ्या गावी होते. दिवस मावळायच्या आत कपली गेली. तणसीत मुरलेला युरिया चारा असतो. तोच पाण्यात एकदम पोटात गेला की रक्तात अमोनिया चढतो आणि जनावर मरतं. लगेच व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजलं तर काही वेळा वाचतं, असं नंतर कळलं. व्हिनेगर हा शब्दसुद्धा आमच्या गावात तेव्हा कोणी ऐकला नव्हता. बादली कोणी ठेवली, हे घरात कोणीच कोणाला विचारलं नाही. आजानं दुसऱ्या दिवशी दोन्ही खड्डे बुजवले. गावात मात्र बातमी अशी पसरली की खत घातलेली तणस खाऊन गाय मेली. ते खरं नव्हतं. पण मेलेली गाय लोकांनी पाहिली होती, खरं कारण पाहिलं नव्हतं.

आजा तणसीवर कुरकुरत राहिला तो शेवटपर्यंत. लुचई, हिरानक्की, दुबराज या धानाच्या जुन्या जाती गेल्या. आयआर-८ आणि जया या बुटक्या जाती आल्या. धान वाढलं, त्यानं पोरांची पोटं भरली, हे तो मान्य करायचा. पण त्या बुटक्या जातींची तणस आखूड आणि राठ. "मानसाचं वाढलं, ढोराचं घटलं," असं म्हणून तो बिडी पेटवायचा.

आता रान तसं उघडं नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ मध्ये दोन्ही धरून व्याघ्र प्रकल्प. वाघाला जागा हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चराई आटली तेव्हा तणसीची किंमत वाढायला हवी होती, आणि झालं भलतंच. हार्वेस्टर आला. तो धान वरून कापतो, म्हणजे आजाच्या मते गोड असलेला दांडा बांधीतच उभा राहतो, आणि वरची तणस चुरा होऊन विखुरते. गोळा करायला मजूर मिळत नाही, उन्हाळी धानाची घाई असते. मग काडी ओढतात. मागच्या साली रात्री सडकेवरून घरी येताना दोन्ही बाजूंच्या बांध्या जळताना पाहिल्या. गाडीच्या काचा बंद केल्या तरी वास आत आला. छप्पनच्या दुष्काळात छपरावरून ओढून काढलेल्या तणसीची गोष्ट ज्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते, त्या घरच्या माणसाला तो वास सहन होत नाही. त्याच गावात माझा पुतण्या दोन संकरित गाईंसाठी ढेप उधारीवर आणतो.

डिसेंबरात मी आणि पुतण्यानं मिळून पुन्हा खड्डा केला. यंदाही १०० किलोच. अनुदानाची ४५ किलोची युरियाची थैली २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ४ किलोचे २५ रुपयेही होत नाहीत. आता नळ दारात आहे आणि प्लास्टिकचा कागद बाजारात. मायचं वय ऐंशीच्या पुढं. खुर्ची टाकून ती पाहत बसली होती. पाणी शिंपडून झालं तशी ती उठली, काठी टेकत झाडाखाली गेली, उरलेल्या युरियाची थैली तिनं पुतण्याकरवी आढ्याला बांधून घेतली, आणि रिकामी बादली स्वतः वाकून पालथी घातली. बोलली काहीच नाही.

एकविसाव्या दिवशी उघडली. गाईंनी दोन दिवस नाकं मुरडली, तिसऱ्या दिवशी खाल्ली. त्यासोबत हिरवा चारा आणि खनिज मिश्रण चालूच ठेवलं आहे, कारण धानाच्या तणसीवरच्या ढोराला कॅल्शियम कमी पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला मात्र ही तणस देत नाही. त्याच्या पोटातला माठ अजून पुरता लागलेला नसतो.

तुमच्या बांधीत यंदा तणस असेल तर काडी ओढायच्या आधी १०० किलो बाजूला काढा. धान बुडातून कापून घेता आलं तर उत्तमच. आणि युरियाचं पाणी संपलं की बादली पालथी घाला.